बोर्डावरची नोटीस कुणी वाचायची?

परवा रात्री साडेदहाला आपल्या पेजवर एक फोटो आला. कॉलेजचा नोटीस बोर्ड, जाळीच्या दारामागं टाचलेले चार कागद, त्यातल्या एकावर ट्यूबलाइटची चमक पडून अर्धी अक्षरं गायब. खाली एवढंच लिहिलेलं : "दादा, यात काय आहे सांगा की. परवाची तारीख दिसालीय."

पाठवणारा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा, खानापूरकडचा. नोटीस कन्नडमध्ये होती. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरलेल्यांनी त्याची छापील प्रत आणि उत्पन्नाचा दाखला कॉलेजच्या ऑफिसात आणून द्यावा, नाहीतर अर्ज पुढं जाणार नाही, असा सरळसाधा मजकूर. पोरानं अर्ज महिन्याभरापूर्वी सायबर कॅफेत भरला होता. काम झालं समजून तो निवांत होता. बोर्डासमोरून तो रोज जात होता, फोटोही त्यानं सहज म्हणून काढला. आकडे तेवढे वाचता आले म्हणून शंका आली. आकडे इंग्रजी होते हे त्याचं नशीब.

मित्रांनो, मोर्चा, खटला, आयोग, एक नोव्हेंबर यावर आपण इथं भरपूर लिहितो. लिहायलाच पाहिजे. खरं विद्यापीठात काय चाललंय, कुठला फॉर्म सुटलाय, कुठला महोत्सव येतोय, मराठी विभागात यंदा किती मुलं बसली, यावर आपण गेल्या वर्षभरात एक ओळ लिहिलेली नाही. मी मागं जाऊन बघितलं. खरोखर एकही नाही. म्हणून आजचा लेख त्याच्यावर.

आधी माझीच गोष्ट सांगतो, म्हणजे पुढं मी उपदेश करालोय असं वाटणार नाही.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला रसायनशास्त्रात चार मार्कांनी राहिलो. पेपर चांगला गेला होता. फेरतपासणी मागायची ठरवलं. तारखा लागतील, बोर्डावर बघू, असं म्हणत होतो. तारखा लागल्या. कन्नडमध्ये लागल्या. दहा दिवस तो कागद माझ्या डोळ्यासमोर होता आणि मी त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हतो, कारण कन्नड नोटीस वाचायची नाही हा माझा बाणा होता. त्याच आठवड्यात मी मराठी पाट्यांसाठीच्या मोर्चात घसा फुटेपर्यंत ओरडत होतो. अकराव्या दिवशी बैलहोंगलचा एक वर्गमित्र कॅन्टीनमध्ये भेटला आणि त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, "तू का नाही भरला फॉर्म? काल लास्ट डेट झाला की." ऑफिसात गेलो. तिथले साहेब म्हणाले, नोटीस लावली होती. बोर्डाकडं बोट दाखवलं. माझ्याकडं बोलायला काही नव्हतं. वर्ष गेलं.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. तिथं आता वेगळी माणसं आहेत आणि माझं भांडण माणसांशी नव्हतंही. त्या दिवशी घरी येऊन मी आईला सांगितलं, "आपल्या भाषेत नोटीस नव्हती, म्हणून वर्ष गेलं." हे खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं. चौथीपासून कन्नड विषय शिकलेला मी, अक्षरं ओळखत होतो. सराव ठेवला नव्हता, तो हट्टानं. पुढच्या दोन महिन्यांत त्याच बैलहोंगलच्या मित्रानं मला एस.टी. स्टँडवरच्या पाट्या वाचायला लावून लावून गाडी रुळावर आणली. गोकाक, सौंदत्ती, चिक्कोडी, रामदुर्ग. आज नोटीस वाचतो. अडखळत, खरं वाचतो. मराठीवरचं प्रेम त्यानं गुंजभरही कमी झालं नाही.

हे लिहिलं की आपल्यातले काही लोक चिडणार, हे मला ठाऊक आहे. "म्हणजे सक्ती मान्य करायची व्हय?" नाही. सक्ती ही सक्तीच. १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्ध जे उभे राहिले, ज्यांचे जीव गेले, त्यांनी काय मागितलं होतं हे आपण विसरलेलो नाही. माझं म्हणणं एवढंच की मराठीत नोटीस मिळण्याचा हक्क आणि कन्नड नोटीस वाचण्याची अक्कल, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. पहिलीसाठी भांडायला वर्षं लागतील. दुसरी दोन महिन्यांत जमते. दरम्यानच्या काळात फॉर्मची तारीख कुणासाठी थांबत नाही.

जी. ए. कुलकर्णी आयुष्याचा मोठा काळ धारवाडात राहिले, तिथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि मराठी कथेला कुठल्या कुठं नेऊन ठेवलं. कन्नडचे थोर कवी द. रा. बेंद्रे घरात मराठी बोलत वाढले, सोलापूरच्या कॉलेजात शिकवत होते, मराठीतही लिहीत होते. ही आपल्याच मातीतली माणसं. त्यांना कुणी विचारलं नाही की दुसरी लिपी वाचल्यावर तुमची पहिली बाटली का म्हणून.

आता विद्यापीठांकडं येऊ.

आपल्या भागाची गंमत बघा. बेळगावचं लिंगराज कॉलेज १९३३ चं. तिथं सुरुवातीला शिकलेल्यांची पदवी मुंबई विद्यापीठाची. १९४९ ला कर्नाटक विद्यापीठ झालं, पुढं ते धारवाडला आलं, मग पदवीवर धारवाड. २०१० ला राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं, तेव्हापासून पदवीवर भूतरामनहट्टीचा शिक्का. आजोबा, वडील आणि नातू एकाच इमारतीत शिकलेले असू शकतात आणि तिघांच्या भिंतीवर तीन विद्यापीठांची सर्टिफिकेटं. हद्द माणसावरून कशी सरकत जाते हे बघायला नकाशा लागत नाही, एखाद्या घरातला सर्टिफिकेटांचा ट्रंक उघडला तरी पुरे.

आणि दुसरीकडं कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, १९६२ चं. निपाणीच्या पोराला ते बेळगावपेक्षा जवळ. त्यामुळं आपली मुलं दोन्हीकडं विभागलेली. एकाच गल्लीतला एक कोल्हापूरला, एक भूतरामनहट्टीला, तिसरा धारवाडला आणि चौथा नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरून घरी. चौघांच्या परीक्षा वेगळ्या, पोर्टल वेगळं, भाषा वेगळी. कर्नाटकातल्या सरकारी विद्यापीठांचं प्रवेश ते निकाल सगळं आता यूयूसीएमएस नावाच्या एकाच पोर्टलवर चालतं, तर महाराष्ट्रात शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी. एकाला दुसऱ्याची काही माहिती नसते, आणि गल्लीत कट्ट्यावर बसल्यावर या विषयावर बोलणं होतच नाही.

याचा तोटा कुठं होतो ते सांगतो. महाराष्ट्रातल्या इंजिनीअरिंग, फार्मसी वगैरेच्या सीईटी प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी स्वतंत्र सोय आहे. माहितीपुस्तिकेत तिला एमकेबी म्हणतात. त्यासाठी दोन दाखले लागतात, जी-१ आणि जी-२. एक तुम्ही सीमाभागातले आहात याचा, दुसरा तुमची मातृभाषा मराठी असल्याचा. नमुने पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर छापलेले असतात. शेवटची पानं वाचतो कोण? दरवर्षी निकालानंतर दोन-तीन पालक भेटतात. पोराला मार्क असतात, गाव यादीत असतं, मातृभाषा मराठी हे तर चेहऱ्यावर लिहिलेलं असतं, आणि फॉर्ममधल्या त्या रकान्यापुढं 'नाही' निवडलेलं असतं. सायबर कॅफेवाल्यानं निवडलं. त्याला काय माहीत.

ही सोय मिळवायला आधीच्या पिढीनं किती खेटे घातले असतील विचार करा. आणि आपण ती एका क्लिकमध्ये घालवतो.

दुसरी गोष्ट मराठी विभागांची. राणी चन्नम्मा विद्यापीठात मराठी विभाग आहे, धारवाडला आहे. कॉलेजांतही पदवीला मराठी विषय घेता येतो, जिथं शिकवणारे आहेत तिथं. खरं 'जिथं आहेत तिथं' हे शब्द दरवर्षी थोडे आकसत जातात, आणि ते कसं होतं ते तुम्हाला माहीत असायला पाहिजे, कारण त्यात कुठं लाठी नसते, घोषणा नसते, पेपरात बातमी नसते.

कॉलेजात एखाद्या विषयाला मुलं किती आणि त्यावरून आठवड्याचे तास किती बसतात, याला वर्कलोड म्हणतात. मुलं कमी झाली की तास कमी. तास कमी झाले की पूर्ण वेळ प्राध्यापकाची गरज नाही. जुने सर निवृत्त झाले की जागा भरत नाहीत, तासिका तत्त्वावर कुणालातरी बोलावतात. तो बिचारा तीन कॉलेजं करत एस.टी.नं फिरतो. दोन वर्षांनी कंटाळून सोडतो. मग पुढच्या जूनमध्ये ऑफिसातला कारकून नव्या मुलाला सांगतो, "मराठीला सर नाहीत, दुसरं काहीतरी घे." मुलगा दुसरं घेतो. आणि त्या कॉलेजातलं मराठी संपतं. कुणी बंद केलं? कुणीच नाही. कागदावर बघाल तर विद्यार्थ्यांचा प्रतिसाद नव्हता.

यातला पहिला धक्का आपणच देतो हे कबूल करायला पाहिजे. आपल्या घरात विचारा. बी.ए.ला मराठी घेतो म्हटलं की पहिला प्रश्न, "घेऊन काय करणार?" प्रश्न चुकीचा नाही, पोटाचा आहे. खरं एक नोव्हेंबरला काळा झेंडा धरणाऱ्या घरात जेव्हा तो विचारला जातो, तेव्हा मला थोडं हसू येतं आणि थोडं रडू. सगळ्यांनी मराठीत एम.ए. करा असं मी म्हणत नाही. मी स्वतः कुठं केलंय. पण पदवीला भाषेचा पेपर घ्यायचाच असतो, त्यात मराठी उपलब्ध असेल तर ते घ्या. एवढ्यानंसुद्धा वर्कलोडचा आकडा हलतो. आणि नसेल तर 'आम्ही इतकी मुलं मराठी घ्यायला तयार होतो' असा सह्यांचा अर्ज प्राचार्यांकडं देऊन पोच घ्या. पोच महत्त्वाची. तोंडी मागणीला प्रतिसाद नसतो आणि पुरावाही नसतो.

अर्जावरून आठवलं. राज्यघटनेचं कलम ३५० आपल्यातल्या फार थोड्यांनी वाचलंय. तक्रारीच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडं वा प्राधिकरणाकडं, तिथं वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत निवेदन देता येतं, असं ते सांगतं. म्हणजे तुमचं निवेदन मराठीत आहे म्हणून परत करता येत नाही. ३५० ख प्रमाणं भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमलेला असतो, ते कार्यालय १९५७ पासून चालू आहे. आणि १९५६ च्या केंद्राच्या निवेदनातून नि १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेतून जी संरक्षणं ठरली, त्यात एक असं आहे की जिल्ह्यात किंवा तालुक्यात एखादी भाषा बोलणारे १५ टक्के किंवा जास्त असतील तर महत्त्वाच्या सूचना, नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा सांगणारे १८ टक्क्यांच्या वर आहेत. खानापूर तालुक्यात तर याच्या कितीतरी पुढं.

हा कायदा नव्हे, राज्यांनी मान्य केलेली व्यवस्था आहे. उद्या कुणी म्हणेल, विद्यापीठ स्वायत्त आहे, आम्हाला हे लागू नाही. म्हणू दे. लेखी म्हणू दे. तो कागदही आपल्याला उपयोगी पडतो. परीक्षेची तारीख, फीची तारीख, शिष्यवृत्तीची तारीख, एवढ्या तीन सूचना मराठीतही लावा, ही मागणी इतकी साधी आहे की तिला नाही म्हणताना समोरच्यालाच अवघडायला झालं पाहिजे.

माहिती अधिकाराचंही सांगून टाकतो. मराठी विषयाला मंजूर पदं किती, भरलेली किती, गेल्या पाच वर्षांत विद्यार्थी किती, हे विचारता येतं. उत्तर ३० दिवसांत यायला पाहिजे. इथं एक खाच आहे. माहितीचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेतच करायचा असतो, म्हणजे बेळगावात मराठीत नाही. शिवाय कर्नाटकच्या नियमाप्रमाणं एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. दोन पानं इतिहास लिहून अर्ज फेटाळून घेऊ नका. इंग्रजीत तीन ओळी, संपलं. हैदराबाद, बडोदे इथल्या मित्रांनीही आपापल्या विद्यापीठातल्या मराठी विभागाचे आकडे असे मागवून बघावेत.

आता थोडं मनाला बरं वाटणारं. पुढचे दोन-तीन महिने कार्यक्रमांचे आहेत.

१७ जानेवारीला हुतात्मा दिन. त्याबद्दल वेगळं सांगायला नको. १४ ते २८ जानेवारी महाराष्ट्रात मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो, सरकारी असतो, परिपत्रक निघतं, फोटो निघतात. आपल्याकडं परिपत्रक निघणार नाही, त्यामुळं आपण केलं तर ते मनापासूनच होणार. वसतिगृहाच्या खोलीत पाच जण बसून एक कथा मोठ्यानं वाचली तरी चालते. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. त्या दर्जाचा आपल्या कॉलेजातल्या मराठीच्या तासाला काय उपयोग, हा प्रश्न या २७ तारखेला स्टेजवरच्या पाहुण्यांना एखाद्यानं उठून विचारावा अशी माझी फार इच्छा आहे. नम्रपणे विचारा.

मग आपली गावोगावची साहित्य संमेलनं. कडोली, उचगाव, बेळगुंदी, सांबरा, कुद्रेमनी, येळ्ळूर. हिवाळा सुरू झाला की रविवारमागून रविवार. विद्यापीठं नसलेल्या गावांनी चालवलेलं विद्यापीठ म्हणा हवं तर. पहाटे ग्रंथदिंडी, लेझीम, नऊवारीतल्या बायका, मग उद्घाटन, परिसंवाद, दुपारचं जेवण, कथाकथन, कविसंमेलन. गावात वर्गणी काढून होतं हे सगळं. माझी एकच तक्रार आहे. कॉलेजची मुलं तिथं दिसतात ती खुर्च्या लावताना आणि वाढताना. मांडवात बसलेले सगळे साठीच्या पुढचे. व्यासपीठावर तर बाहेरचेच पाहुणे. आयोजक काकांना मी विचारलं, तर ते म्हणाले, "बाबा, पोरं बोलायला तयारच होत नाहीत रे. आम्ही काय जागा अडवून बसलोय का?" थोडीशी अडवलीय, काका. पण मुलंही विचारत नाहीत हे खरं. मराठी घेऊन शिकणाऱ्या एखाद्या मुलानं वीस मिनिटं आपल्या गावच्या बोलीवर बोलायचं म्हटलं तर कुठल्याही आयोजकाला ते पाहिजेच असेल. जाऊन भेटा.

आणि युवा महोत्सव. इथं आपण फार मोठी संधी सोडतो. विद्यापीठांच्या युवा महोत्सवात वक्तृत्व, वादविवाद हे भाषेवर अवलंबून असतात म्हणून आपली मुलं घाबरून मागं राहतात. खरं बाकीची यादी बघा : लोकनृत्य, लोकवाद्यवृंद, मूकनाट्य, नकला, रांगोळी, मातीकाम, व्यंगचित्र, पोस्टर. यात कुठं भाषा आडवी येते? येळ्ळूर, कडोली, सांबऱ्यात लेझीम आणि झांजपथक खेळणारी पोरं गणपतीला रात्रभर दमत नाहीत. तीच पोरं कॉलेजच्या संघात का नाहीत? विद्यापीठाच्या झेंड्याखाली आपली लेझीम मैदानात उतरली तर ती आपली राहत नाही की काय? उलट पुढच्या फेरीला दुसऱ्या राज्यातले लोक विचारतील, हे कुठलं नृत्य, कुठल्या गावचं. तेव्हा सांगा गावाचं नाव.

तर या आठवड्यापासून आपण काय करणार आहोत ते सांगतो. दर रविवारी एक यादी टाकणार. राणी चन्नम्मा, धारवाड, कोल्हापूर आणि मुक्त विद्यापीठ, चारही ठिकाणच्या आपल्या मुलांना लागणाऱ्या तारखा, मराठीत. फॉर्म, फी, शिष्यवृत्ती, स्पर्धा, संमेलनं. दोन मैत्रिणी आणि मी मिळून कन्नड नोटिसांचा मजकूर मराठीत करणार. त्यातल्या एकीचं कन्नड माझ्यापेक्षा खूपच चांगलं आहे, त्यामुळं चूक झाली तर ती माझी समजा. तुमचं काम एवढंच, बोर्डासमोरून जाताना थांबा, फोटो काढा, कॉलेजचं नाव आणि तारीख लिहून पाठवा. नोटीस कळत असली तरी पाठवा. तुम्हाला कळली, तुमच्या मागच्या बाकावरच्याला कळली असेलच असं नाही.

खानापूरच्या पोराला मी त्या रात्रीच सगळं लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी तो तलाठ्याकडं गेला, तर उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून घ्यायचा असं कळलं, तिथं रांग, सर्व्हर बंद. आधीच्या वर्षीचा दाखला मुदतीत होता हे त्याच्या बहिणीला आठवलं म्हणून बचावला. शेवटच्या दिवशी साडेतीनला कागद ऑफिसात दिले आणि पोच घेतली. पोचेचा फोटोही पाठवला. त्यावर शिक्का कन्नडमध्ये आहे. खाली त्यानं लिहिलंय, "हे मला वाचता आलं दादा. 'स्वीकृत' असं आहे ना?"

आज संध्याकाळपर्यंत आणखी चार बोर्डांचे फोटो आलेत. दोन धूसर आहेत. कॅमेऱ्याची काच शर्टाला पुसून घ्या आणि परत पाठवा, त्यातल्या एकावर गुरुवारची तारीख दिसालीय.